पेवातली बिअर

१८ एप्रिल, देवपूर

आलो बुवा एकदाचे. टेम्पोवाल्याने फ्रिज उभाच आणला, आरसा फुटला नाही, आणि ज्ञानेश्वरची आरामखुर्ची सगळ्यात आधी उतरवून त्यालाच तीत बसवल्यामुळे त्याला ‘मदत’ करता आली नाही. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर लागलंसुद्धा.

भुसावळचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. ज्या माणसाने तीस वर्षं मेल-एक्सप्रेस चालवल्या, त्याच्या हृदयाला आता तीन जिने झेपत नाहीत. शिवाय त्याला धुळ्याकडची आपली बोली कानावर पडायला हवी होती. मला काय, रेल्वे हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यापासून कुठेही राहिले तरी माझी भांडणं माझ्याबरोबर येतात. मी नवऱ्याला एकेरी हाक मारते याचं समोरच्या बायकांना दुपारीच आश्चर्य वाटून झालं. तो मला ‘मदर’ म्हणतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं म्हणून. ते ऐकून तर त्या दोघी आतच गेल्या.

घरमालक निर्मलकुमार धान्याचे व्यापारी, शेजारीच राहतात. त्यांनी हात जोडून सांगितलं की मांस, अंडी आणि मद्य चालणार नाही. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

घर छान आहे. पूर्वी इथे त्यांची धान्याची वखार होती. मागच्या खोलीत फरशीत एक लोखंडी कडीची शिळा आहे आणि तिच्याखाली पेव आहे, म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद अशी धान्य साठवायची खोल जागा. निर्मलकुमार म्हणाले, वडील गेल्यापासून कोणी वापरत नाही. शिळेच्या फटीतून गार हवा येते. एप्रिलमधल्या धुळ्यात गार हवा! ज्ञानेश्वरने खुर्ची तिथेच लावून घेतली.

२४ एप्रिल

आठ जूनला ज्ञानेश्वर पंचाहत्तर पूर्ण करेल. त्याला स्वतःच्या हातची एक ग्लास बिअर हवी आहे. भुसावळला दर हिवाळ्यात करायचा. दोन वर्षांपासून हात थरथरतो म्हणून बंद पडलं. डॉक्टरांनी एका ग्लासाला परवानगी दिली, तीही स्वतःची इस्टेट वाटून दिल्यासारखी. तेव्हा आता हात माझे आणि हुकूम त्याचे. घरी बिअर करायला परवाना लागतो म्हणे. एका म्हाताऱ्याच्या एका ग्लासासाठी मी सरकारपुढे हात पसरणार नाही.

पुण्याहून भाचा दीपकने माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, कडवट चवीचे हॉप्स आणि यीस्टच्या पुड्या पाठवल्या. कुरियरवाल्याने त्या कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये भाजत ठेवल्या आणि वर मलाच विचारलं की औषध आहे का. माल्ट उकळताना धनकुंवरभाभी, म्हणजे मालकांच्या पत्नी, दारात आल्या. ज्ञानेश्वरला त्या भाऊ म्हणतात, म्हणून मी सांगितलं, जवाचा काढा आहे, भाऊंसाठी. वास बरा आहे म्हणाल्या.

काढा गार केला, पंचवीस लिटरच्या बरणीत भरला, यीस्ट टाकलं. झाकणावर एअरलॉक बसवला. ही पाण्याची वाकडी नळी. आत यीस्ट साखर खाऊ लागलं की वायू सुटतो आणि नळीतून ‘टुप्’ असा बुडबुडा येतो. तो आवाज म्हणजे काम सुरू झाल्याची खूण.

दोन दिवस झाले, एक बुडबुडा नाही. स्वयंपाकघर रात्रीसुद्धा भट्टीसारखं असतं. यीस्ट जिवंत असतं, त्याला गारवा लागतो, आणि इथे माणसं शिजून निघताहेत. ज्ञानेश्वर म्हणाला, पेवात उतरव. मला आधी का सुचलं नाही याचा राग आला, म्हणून मी त्यालाच बोलले.

२७ एप्रिल

शिळा उघडून पेव दिवसभर तसंच ठेवलं. आत कोंडलेली हवा माणूस मारते, हे लॅबवालीला कोणी सांगायला नको. मग दोरीने कंदील सोडला. ज्योत शांत जळत राहिली. शिडी लावून स्वतः उतरले. दुसऱ्याने घासलेलं मला पटत नाही. सहासष्टाव्या वर्षी ही बाई शिडी उतरते म्हणून ज्ञानेश्वर वरून काळजी करत होता, आणि काळजी कमी व्हावी म्हणून गाणं म्हणत होता. त्याने माझी काळजी वाढली.

आत आश्चर्यच. कोळिष्टक नाही, उंदराची लेंडी नाही, एक मुंगी नाही. अगदी तळाशी मधोमध पसाभर ज्वारी होती, नीट ढीग करून ठेवलेली. कीड लागलेली नाही, पांढरीशुभ्र. धान्य म्हणजे रानटी यीस्टचं माहेर. ते राहिलं तर बिअर आंबलीच. सुपात भरून वर आणली आणि अंगणात चिमण्यांना टाकली. मग ब्लीचिंग पावडर, उकळतं पाणी, पुन्हा उकळतं पाणी. आता त्या पेवात एक जंतू जरी सापडला तरी मी माझं सर्टिफिकेट परत करीन.

चिमण्यांनी ज्वारीला तोंड लावलं नाही. शहरातल्या चिमण्यांचेही नखरे असतात.

१ मे

तळाला बावीस अंश. पुस्तकात लिहावं असं तापमान. बरणी दोरीने खाली सोडली, दुसरी पुडी टाकली.

काही नाही. बुडबुडा नाही, फेस नाही. घनता मोजायची काचेची नळी पहिल्या दिवशीचाच आकडा दाखवते, म्हणजे साखर जशीच्या तशी आहे. ज्ञानेश्वर म्हणतो, वाट बघ, मदर, गाडी लेट आहे, रद्द झालेली नाही. तो पेवाच्या तोंडाशी बसून राहतो. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नाही आणि हा तिथे शाल मागतो.

५ मे

माझ्या हाताखाली चाळीस वर्षांत लॅबमध्ये वाढवलेलं एकही कल्चर मेलं नव्हतं. मला हा अपमान वाटतो.

आज रीतसर तपासलं. तिसऱ्या पुडीचे दोन भाग केले. दोन्ही कोमट साखरपाण्यात भिजवले, दोन्ही मस्त फसफसले. एक ओट्यावर ठेवला, एक बरणीत टाकला. ओट्यावरचा दुपारी ग्लासाबाहेर उतू गेला. पेवातला चहा होईतो गप्प. नमुना वर घेतला, निळा रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंग धरत नाहीत.

सगळ्या निळ्या. आणि नुसत्या मेलेल्या नाहीत, आतून रिकाम्या. कांडल्यावर उरणाऱ्या कोंड्यासारख्या. मी असं कधी पाहिलेलं नाही.

वायूचा दोष म्हणावा तर कंदील जळतो. ब्लीचिंगचा म्हणावा तर धुतलेल्या पाण्यात अंश नाही. पाहायचं म्हणून विरजण लावलेलं दूध एका वाटीत खाली ठेवलं आहे.

८ मे

दूध लागलं नाही. नासलंही नाही. मे महिन्यात तीन दिवस ठेवलेलं दूध ताज्यासारखं गोड. ज्ञानेश्वर खूश, म्हणतो वीजबिल वाचलं, फ्रिज विकू. मी ते दूध ओतून दिलं.

एक चांगली गोष्ट. त्याच्या हाताचा थरथराट थांबला. आज त्याने भरलेला कप बशीत न सांडता उचलला आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू इंजिन फलाटाला लावलं. मला रडू आलं, म्हणून मी कांदे चिरायला घेतले.

पण पायजमा सैल झालाय. भूक नाही म्हणतो.

११ मे

आज धनकुंवरभाभींनी पकडलं. पापड वाळत घालायला आमच्या गच्चीवर जाताना उघडी शिळा दिसली. बरणीबद्दल मी खरं सांगून टाकलं; खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. दारूचं त्यांनी कानाआड केलं. त्यांनी विचारलं की पेवात ज्वारी होती तिचं काय केलं.

सांगितलं. त्या शिळेपाशी खालीच बसल्या.

त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत अशी की पेव कधी पूर्ण रिकामं करायचं नाही. बठ्ठं, म्हणजे सगळं धान्य काढलं तरी पसाभर मागे ठेवायचं. मी म्हटलं, डबा रिकामा करू नये हे आमच्याकडेही आहे, त्याला लक्ष्मीचं कारण सांगतात. त्या म्हणाल्या, हे लक्ष्मीचं नाही. पोटात काहीतरी असलं की ते मागत नाही, एवढंच सासरे सांगायचे.

मी हसले. मी हसले हे लिहून ठेवते.

मग त्यांनी विचारलं की मी आत काय काय टाकलं. यीस्ट म्हटल्यावर त्यांना कळेना, म्हणून समजावलं की हे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. जैन बाईपुढे हा शब्द मी जरा जपून वापरायला हवा होता.

“जिवंत?” त्यांनी विचारलं. “किती असतील, अक्का, एका पुडीत?”

मी म्हटलं, हजारो कोटी. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या,

“आणि भाऊ दुपारी कुठं बसतात?”

१२ मे

निर्मलकुमारांच्या दुकानातून ज्वारीचं पोतं आणलं. भाभींनी स्वतः ओतलं, पसाभर नाही, अख्खं पोतं. बरणीच्या गळ्यापर्यंत ज्वारी आली.

दुपारी पाहिलं तर कोंडा. हात घातला तर हवेसारखा हलका.

आता पेवाला ज्वारी पुरत नाही. मीच त्याला दुसऱ्या कशाची चव लावली.

शिळा लावली. ज्ञानेश्वरची खुर्ची पुढच्या खोलीत आणली. तो चिडला. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याने मला मदर न म्हणता नावाने हाक मारली.

१४ मे

सुरू झालं. शिळेखालून स्पष्ट ऐकू येतं. टुप्. टुप्. टुप्.

यीस्ट टाकलेलं नाही. आत जिवंत काही नाही. तरी सुरू झालं. ज्ञानेश्वर टाळ्या वाजवत म्हणाला, लागलं, मदर, लागलं! मी त्याला मिठी मारली. हात बर्फासारखे.

सवयीने मनगट धरलं. नाडी सापडेना. दुसरं धरलं. गळ्याशी बोटं लावली. तो हसत होता, गुदगुल्या होतात म्हणत होता. आत काहीही नव्हतं.

मागच्या खोलीत टुप्. टुप्. एका बुडबुड्यात मध्येच अडखळ. तीच अडखळ, जी त्याच्या ईसीजीत सहा वर्षं आहे. ती मी झोपेतही ओळखीन.

१५ मे

डॉक्टर घरी येऊन गेले. तीनदा नाडी पाहिली, मग मशीनची बॅटरी गेली म्हणाले. पेशंट गप्पा मारतोय म्हणजे ठणठणीत आहे म्हणाले. या माणसाला कोणी पास केलं देव जाणे.

हॉस्पिटलला न्यावं म्हणून रिक्षा बोलावली. गल्लीच्या वळणावर ज्ञानेश्वरची मान माझ्या खांद्यावर पडली. ओठ जांभळे. रिक्षा मागे घ्यायला लावली. दारात आल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, स्टेशन आलं का.

मग बरणीच बाहेर काढायचं ठरवलं. दोरी हातभर ओढली असेल, पुढच्या खोलीतून भाभी ओरडल्या, भाऊंची मान पडली. परत सोडली.

म्हणजे तो तिथे आहे. आणि खुर्चीत जे बसलंय ते –

नाही. खुर्चीतही तोच आहे.

१७ मे

साधी गोष्ट आहे, आणि ती माझ्याइतकी कोणाला कळणार? बरणीत साखर आहे तोवर बुडबुडे आहेत. घनता रोज उतरते. साखर संपली की काम संपतं. बिअर तयार होते.

महिनाभर मी उशीर होतोय म्हणून जगाला शिव्या घातल्या. आता देवा, उशीर होऊ दे.

उतरले. झाकणाला दुसरं भोक पाडून रबरी नळी बसवली, तिचं टोक वर आणून नरसाळं लावलं. साखरेचं पाणी ओतलं. टुप्-टुप्-टुप्. ज्ञानेश्वरच्या गालावर रंग आला. त्याने पोहे मागितले.

खाली असताना माझे पाय जड झाले होते. तिथे छान वाटतं. हे मला आवडलं नाही.

२० मे

भाभी रोज गूळ आणतात. ज्या बाईने उभ्या जन्मात दारूच्या भांड्याला हात लावला नाही, ती नरसाळं धरून नवकार म्हणत गुळाचं पाणी ओतते. मी म्हटलं, तुमच्या धर्मात हे बसतं का. त्या म्हणाल्या, एक जीव वाचतोय तेवढं बसतं, बाकीचं मी बघून घेईन.

बरणी काठोकाठ आली. शिवाय दारू वाढत चालली आहे. एका मर्यादेपुढे ती आतल्या जिवालाच मारते. थोडी काढून पाणी घालायला हवं.

२१ मे

नळीने एक तांब्या वर ओढून घेतला. सोनेरी, नितळ, वास सुरेख. अशी त्याच्या हातालाही कधी जमली नव्हती.

दुपारी ज्ञानेश्वरने मला विचारलं, तुम्ही कोण.

तांब्या परत ओतला. रात्री त्याला मी आठवले. भुसावळ आठवत नाही. गाडी चालवल्याचं आठवत नाही. तासाभरापूर्वीचंही निसटतं. चहा प्यायलेलं विसरून पुन्हा चहा मागतो.

आता काढणार नाही. घालायला जागा नाही.

२३ मे

टुप्.

इतका वेळ.

टुप्.

तो खुर्चीत बसून छताकडे पाहतो. मला म्हणाला, “खाले गार शे, मदर. माले आते जाऊ दे.” त्याची बोली राहिली आहे. बाकी सगळं गेलं.

जाऊ देणार नाही. मी अशी कोणाला जाऊ देणारी बाई नाही.

२४ मे

आत जिवंत काही घालायला हवं. यीस्टच्या पुड्या संपल्या. दीपककडून आणखी मागवल्या, ते पार्सल म्हणे नाशकात अडकलंय.

भाभींना घरी पाठवलं. रागावून पाठवलं, नाहीतर गेल्या नसत्या. शिळा सरकवली. स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. पेवाच्या तोंडाशी बसले आहे. दुपार आहे, बाहेर पाखरू नाही. मी शाल आणायला विसरले.

२५ मे

दोन ताल ऐकू येतात. एक अडखळणारा. दुसरा त्याच्या बाजूने नीट चालणारा, मॉर्निंग वॉकला निघाल्यासारखा.

ज्ञानेश्वरने दोन पोळ्या खाल्ल्या. हात पुन्हा थरथरायला लागला. चहा सगळा लेंग्यावर. मी भरपूर बोलले. किती बरं वाटलं.

त्याची नाडी लागली. बारीक, पण बोटाखाली.

माझी पाहिली नाही. पाहायचं काय त्यात.

२७ मे

तो अंगणात फिरून आला. गल्लीच्या वळणापर्यंत गेला, काही झालं नाही. वळून आला आणि विचारलं, ही बाई इथे का बसली आहे.

मला उठवत नाही. उठावंसं वाटत नाही. गार आहे.

खाली आता एकच ताल – सरळ. अडखळ नाही.

म्हणजे तो सुटला.

२८ मे

भाभींना आवाज जात नाही. तो पुन्हा भटकू नये म्हणून काल दार लावून घ्यायला मीच सांगितलं होतं. कडी आतून. ज्ञानेश्वरला सांगितलं उघड. गेला, आणि कशाला गेलो ते विसरून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. सगळं सांडलं. हसला.

किती छान हसतो.

साखर उतरत चालली असणार. घनता मोजता येत नाही, हात वर होत नाही. आवाजावरून कळतं. टुप् – आणि मग –

त्याला लिहून ठेवते. वाचता येतं अजून. वही त्याच्या खुर्चीत ठेवायला सांगीन.

ज्ञानेश्वर. रोज सकाळी चहाच्या आधी. मागच्या खोलीत पांढरं नरसाळं आहे. वाटीभर साखर कोमट पाण्यात विरघळव, गरम नाही. हळूहळू ओत. हात हलला तरी चालेल. थोडी सांडली तरी चालेल. मी ओरडणार नाही. रोज ओतायचं, ज्ञानू, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि दाराची कडी उघडून भाभींना हाक मार, त्यांना सांग की अक्का –